माध्यमिक शाळेतील व्यवसाय शिक्षण : पाबळचा अनुभव आणि धाराशिव जिल्ह्यातील ग्रामीण शाळा

सारांश :
माध्यमिक स्तरावर शालेय विषयांच्या जोडीने व्यवसाय शिक्षण द्यावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत अनेक आयोगांनी आणि धोरणांनी त्याची शिफारस केली. परंतु सर्वसामान्य शाळेच्या वेळापत्रकात त्याला स्थिर जागा मिळाली नाही. प्रस्तुत लेखात या अपयशाची कारणे थोडक्यात पाहून, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाने विकसित केलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या कार्यक्रमाची कार्यपद्धती स्पष्ट केली आहे. परंडा तालुक्यातील सोनारी व परिसरासारख्या ग्रामीण भागात ही पद्धती कशी राबविता येईल आणि त्यात वरिष्ठ महाविद्यालयांची भूमिका काय असावी, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : व्यवसाय शिक्षण, माध्यमिक शाळा, कार्यानुभव, विज्ञान आश्रम, बहुकौशल्य, ग्रामीण शिक्षण.

प्रस्तावना :
दहावीची परीक्षा हा ग्रामीण विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पहिला मोठा दुभाजक होय. या टप्प्यावर काही विद्यार्थी अकरावीकडे वळतात, काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात जातात, आणि उरलेले शिक्षणातून बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाने काय दिले, हा प्रश्न शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे. त्याला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र पाठ असते, पण घराच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे लिटरमध्ये गणित मांडता येत नाही. विद्युत रोधाची व्याख्या त्याने लिहिलेली असते, पण शेतातील मोटार का जळाली हे सांगता येत नाही. उलट त्याच गावातील मोटार दुरुस्त करणारा कारागीर हे काम उत्तम जाणतो, परंतु त्याच्या ज्ञानाला शाळेच्या दारातून आत प्रवेश नसतो. ज्ञान आणि काम यांच्यातील ही फारकत हाच माध्यमिक शिक्षणाचा मूळ प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. दहावीनंतर एखाद्या विशिष्ट व्यवसायाचे प्रशिक्षण देणे ही एक बाब आहे. आठवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना, त्यांचे भाषा, गणित व विज्ञानाचे शिक्षण चालू असतानाच, उत्पादक कामाचा पद्धतशीर अनुभव देणे ही दुसरी. पहिलीत विद्यार्थी विभागले जातात, दुसरीत एकाच वर्गात राहतात. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने दुसऱ्या बाबीसंबंधी आहे.

ऐतिहासिक आढावा :
1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यविषयक धडे असावेत, अशी मागणी केली होती. बहुजनांच्या मुलांना मिळणारे शिक्षण त्यांच्या जगण्याशी जोडलेले असावे, हा विचार महाराष्ट्रात इतका जुना आहे. स्वतः हंटर आयोगानेही माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत विद्यापीठाकडे नेणारा एक आणि व्यावहारिक स्वरूपाचा दुसरा असे दोन प्रवाह सुचविले होते. दुसऱ्या प्रवाहाला समाजाकडून फारसा प्रतिसाद मिळाला नाही, कारण सरकारी नोकरीची वाट पहिल्या प्रवाहातून जात होती.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगासाठी आणि मातृभाषेसाठी 40 मिनिटे अशी त्यातील वेळेची विभागणी होती. उद्योग हे शिक्षणाचे माध्यम आहे, हे या योजनेचे मर्म. परंतु प्रत्यक्षात बहुसंख्य शाळांत सूतकताई हा एक स्वतंत्र तास बनला. गणित आणि भाषा पूर्वीप्रमाणेच फळ्यावर राहिली. ज्या समवायावर संपूर्ण योजना उभी होती, तोच शिक्षकांच्या प्रशिक्षणाअभावी निसटला. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेमार्फत 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. तेथे श्रम हे प्रामुख्याने गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च भागविण्याचे आणि स्वाभिमानाचे साधन होते, हा त्या प्रयोगाचा विशेष होय.

स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने (1952-53) सात विद्याशाखा असलेल्या बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (1964-66) 'कार्यानुभव' हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य घटक मानला आणि 1986 पर्यंत निम्न माध्यमिक स्तरावरील 20 टक्के व उच्च माध्यमिक स्तरावरील 50 टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, असे लक्ष्य ठेवले. 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संज्ञा रूढ केली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावर 1990 पर्यंत 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के असे सौम्य लक्ष्य स्वीकारले. 1992 च्या सुधारित आवृत्तीत त्याची मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलावी लागली. महाराष्ट्रात तांत्रिक माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालयातील द्विलक्षी अभ्यासक्रम आणि किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम ही या धोरणांचीच मूर्त रूपे होत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये या प्रवासाची कबुली आढळते. बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजाचा आधार घेऊन हे धोरण सांगते की, 19 ते 24 वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी 5 टक्क्यांहूनही कमी व्यक्तींना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. हेच प्रमाण अमेरिकेत 52 टक्के, जर्मनीत 75 टक्के आणि दक्षिण कोरियात 96 टक्के होते. या धोरणाने 2025 पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातील किमान 50 टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसमवेत काम करण्याची तरतूद सुचविली. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात व्यवसाय शिक्षणाची मांडणी सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्य यांसोबतचे काम आणि मानवी सेवा अशा तीन कार्यरूपांत केली आहे.

या आढाव्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिफारशींची उणीव कधीच नव्हती. प्रत्येक योजना शाळेच्या दाराशी येऊन थबकली, ती कोण शिकविणार, कोणत्या वेळेत शिकविणार, खर्च कोण करणार आणि गुणपत्रिकेत त्याचे मोल काय, या चार साध्या प्रश्नांपाशी. म्हणून ज्या प्रयोगाने या चारही प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष शाळेत शोधली, त्याचा अभ्यास अधिक उपयुक्त ठरतो.

पाबळचा प्रयोग :
शिरूर तालुक्यातील पाबळ हे पर्जन्यछायेतील गाव. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील वरिष्ठ पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग (1928-2003) यांनी 1983 साली येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे एक केंद्र. आयोगाने जे अहवालात लिहिले, ते करून पाहण्याची जागा त्याच परंपरेतील संस्थेने निर्माण केली, ही बाब लक्षणीय आहे. डॉ. कलबाग यांना ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उपयोजनाबद्दल 2002 सालचा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

त्यांचे गृहीतक सोपे होते. लहान मूल बोलणे, चालणे, वस्तू ओळखणे हे सारे प्रत्यक्ष कृतीतून शिकते. शाळेत येताच ही नैसर्गिक पद्धती बंद पडते. वास्तव परिस्थितीतील काम पुन्हा शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, तर पुस्तकात मागे पडलेले मूलही शिकू लागते. या विचारातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम तयार झाला. शाळा सोडलेल्या युवकांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची निवासी पदविका ही त्याचीच समांतर शाखा. पुढे हा कार्यक्रम माध्यमिक शालान्त परीक्षेच्या चौकटीत पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारला गेला आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याच्या अंमलबजावणीनंतर बहुकौशल्य पायाभूत अभ्यासक्रमाच्या रूपाने शाळांत पोहोचला. लेंड-अ-हॅंड इंडिया या पुणेस्थित संस्थेनेही या कार्यक्रमाच्या प्रसाराला हातभार लावला.

कार्यक्रमाची पाच वैशिष्ट्ये सांगता येतील.

1) बहुकौशल्य : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चारही क्षेत्रांत प्रत्येक विद्यार्थी काम करतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला एका व्यवसायात बांधून टाकले जात नाही. शिवाय गावात एकाच कौशल्याला वर्षभर पुरेल इतके काम नसते. तेथे वेल्डिंग, वायरिंग आणि नळजोडणी या तिन्हींची जाण असलेल्या माणसालाच काम मिळते.

2) आठवड्यातील एक दिवस : शिक्षणाचे हे काम रोज एखाद्या तासिकेत उरकले जात नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हत्यारे काढून होईपर्यंत घंटा होते. सलग दिवस मिळाल्याने काम पूर्णत्वास जाते.

3) स्थानिक निदेशक : शिकविणारे हे बहुधा त्याच परिसरातील कुशल व्यक्ती असतात. त्यांना मानधन दिले जाते आणि अध्यापनाचे अल्प प्रशिक्षणही मिळते.

4) समाजसेवेची कामे : विद्यार्थी केवळ नमुने बनवीत नाहीत. शाळेचे बाक दुरुस्त करणे, फाटक तयार करणे, माती-पाण्याची तपासणी, वायरिंगची दुरुस्ती, रोपवाटिका अशी खरी मागणी असलेली कामे निदेशकाच्या देखरेखीखाली केली जातात. कामाचा दर्जा गावकरी तपासतात.

5) नोंद व हिशेब : प्रत्येक कामाची आकृती, लागलेले साहित्य, दर, मजुरी आणि एकूण किंमत विद्यार्थ्याने लिहावयाची असते. येथेच भाषा, चित्रकला आणि गणित कार्यशाळेत प्रवेश करतात.

काम आणि विषय यांचा समवाय :
व्यवसाय शिक्षणामुळे अभ्यासाचा वेळ कमी होतो, हा पालकांचा आणि पुष्कळदा शिक्षकांचाही आक्षेप असतो. त्याला उत्तर उदाहरणानेच द्यावे लागेल.

उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याने देशाला दिलेली प्रसिद्ध जात. बाजारात शेळीची किंमत बहुधा अंदाजाने ठरते. काटा उपलब्ध नसेल तेव्हा वजन काढण्याची एक रूढ रीत आहे : छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, भागिले 300. यात मापे इंचांत आणि वजन पौंडांत येते. सेंटिमीटर आणि किलोग्रॅममध्ये रूपांतर केल्यास भाजक सुमारे 10,840 होतो. हे रूपांतर करणे हाच नववीच्या वर्गाचा उत्तम स्वाध्याय आहे. समजा, शेळीच्या छातीचा घेर 70 सें.मी. आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी 62 सें.मी. आहे. 70 चा वर्ग गुणिले 62 म्हणजे 3,03,800. त्यास 10,840 ने भागले असता वजन सुमारे 28 किलोग्रॅम येते.

घेराचाच वर्ग का घ्यावयाचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारील. शेळीचे धड वृत्तचिती मानले, तर घेर म्हणजे वृत्ताचा परीघ. त्यावरून घनफळ म्हणजे घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 4π. शरीराची घनता पाण्याएवढी धरली, तर किलोग्रॅममधील वजनासाठी भाजक सुमारे 12,566 यावयास हवा आणि वरील शेळीचे वजन सुमारे 24 किलोग्रॅम ठरेल. व्यवहारातील सूत्र 28 सांगते. हा फरक कोठून आला? डोके, मान आणि पाय वृत्तचितीत मोजलेच गेले नाहीत. आता प्रत्यक्ष काट्यावर दहा शेळ्यांची वजने घ्यावीत, सूत्राने आलेल्या वजनांशी तुलना करावी आणि शेकडा त्रुटी काढावी. एका दुपारी परिमाणांचे रूपांतर, वृत्तचितीचे घनफळ, घनता, त्रुटी आणि सरासरी हे सारे घटक शिकून होतात. शिवाय शेळी विकताना वडिलांना आधार देणारे ज्ञान मुलीच्या हाती येते.

असेच दुसरे उदाहरण छपरावरील पाण्याचे. 1 चौरस मीटर क्षेत्रावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर 200 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला, तर 1,20,000 लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया जाईल असे मानले, तरी 96,000 लिटर उरते. अवर्षणप्रवण तालुक्यातील शाळेसाठी हा आकडा केवळ गणिताचे उत्तर राहत नाही. टाकी किती मोठी बांधावी आणि पन्हळ कोठे बसवावी, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो.

या दोन्ही उदाहरणांत कामाने अभ्यासाचा वेळ खाल्लेला नाही. मात्र असा समवाय आपोआप घडत नाही. विज्ञान व गणिताचे शिक्षक आणि निदेशक यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून पुढील कामांची पाठ्यघटकांशी जोडणी केली पाहिजे. मूलोद्योग शिक्षणात जी कडी तुटली, ती हीच.

वेळापत्रक आणि साधनांचे गणित :
उदाहरणादाखल एका शाळेत आठवी, नववी व दहावीचा प्रत्येकी 40 विद्यार्थ्यांचा एकेक वर्ग आहे असे मानू. प्रत्येक वर्गाला आठवड्यातील एक दिवस दिला आणि वर्षात 36 आठवडे प्रत्यक्ष काम झाले, तर दिवसाला पाच तास याप्रमाणे वर्षाला 180 आणि तीन वर्षांत 540 तास मिळतात. चार क्षेत्रांत विभागल्यास प्रत्येक क्षेत्राच्या वाट्याला 135 तास येतात. वर्गाचे दहा-दहा विद्यार्थ्यांचे चार गट केले आणि नऊ आठवड्यांनी क्षेत्रे बदलली, तर एका वेळी एका हत्यारसंचावर दहाच विद्यार्थी काम करतात. परिणामी चाळीस विद्यार्थ्यांसाठी चाळीस संच घेण्याची गरज उरत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हीच संख्या योग्य होय.

या रचनेत कार्यशाळा आठवड्यातील तीन दिवस वापरात राहते. उरलेले तीन दिवस ती जवळच्या लहान शाळांना उपलब्ध करून देता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील केंद्र व उपकेंद्र रचनेचा व्यवहारातील अर्थ हाच. परंडा तालुक्यातील प्रत्येक शाळेत लेथ आणि वेल्डिंग यंत्र असण्याची आवश्यकता नाही. चार-पाच शाळांमागे एक सुसज्ज कार्यशाळा आणि तेथवर जाण्याची निश्चित व्यवस्था एवढे पुरेसे आहे.

सोनारी परिसराचा संदर्भ :
काळभैरवनाथाचे देवस्थान असलेले सोनारी हे परंडा तालुक्यातील गाव. ऊस, ज्वारी, शेळीपालन आणि दुग्धव्यवसाय यांवर या भागाचे अर्थकारण उभे आहे. शेजारच्या भूम तालुक्यातील खवा दूरवर जातो. देवस्थानामुळे यात्रेच्या काळात खाद्यपदार्थ, पूजासाहित्य व निवास यांची मागणी निर्माण होते. ठिबक सिंचन संचाची जोडणी, पंपाच्या मोटारीची व सौर पंपाची देखभाल, ट्रॅक्टर-ट्रॉलीची दुरुस्ती, दुधाची प्रत तपासणे, शेळ्यांचे लसीकरण व नोंदवही, शिवणकाम आणि अन्नप्रक्रिया ही कामे येथे रोज घडतात. अभ्यासक्रमाचे साहित्य शोधण्यासाठी शाळेला फार दूर जाण्याचे कारण नाही.

परंतु या भागाचा खरा प्रश्न अधिक गंभीर आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा समावेश नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला होता. बीड, धाराशिव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या दुष्काळप्रवण तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांचे स्थलांतर होते. दिवाळीच्या सुमारास गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. वार्षिक परीक्षेवर बेतलेली शाळा अशा मुलाला अनुत्तीर्ण किंवा अनुपस्थित या दोनच शब्दांत ओळखते. हंगामी वसतिगृहांनी काही मुले गावात राहतात, परंतु सर्वच नाही. जून ते ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिल या काळात पूर्ण करता येतील अशा लहान घटकांत व्यवसाय शिक्षणाची विभागणी केली, प्रत्येक घटकाची स्वतंत्र नोंद विद्यार्थ्याच्या वहीत राहिली आणि ती पुढील शाळेने मान्य केली, तर तुटलेले शिक्षण पुन्हा जोडण्यास एक धागा मिळेल. ज्याच्या हातात कोयता येण्याची शक्यता सर्वाधिक आहे, त्याच विद्यार्थ्याला या शिक्षणाची गरज सर्वाधिक आहे.

धोके आणि मर्यादा :
व्यवसाय शिक्षणाचा पुरस्कार करताना त्याचे धोकेही नोंदविले पाहिजेत.

पहिला धोका जातीचा. 1953 साली मद्रास राज्यात चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या सरकारने अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस घरच्या व्यवसायाचे शिक्षण अशी प्राथमिक शिक्षणाची योजना आणली. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, असा तिचा अर्थ होतो म्हणून तीव्र विरोध झाला आणि 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. हा धडा विसरता येणार नाही. कौशल्य शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी आणि विद्यापीठ इतरांसाठी, अशी वाटणी झाली तर फुल्यांच्या मागणीचा अर्थच उलटा होईल. यास उपाय एकच : कार्यक्रम सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा असावा. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीनेही पान्हा हाती घ्यावा आणि पाटलाच्या मुलानेही शेण-मूत्राच्या खड्ड्याचे माप घ्यावे.

दुसरा धोका लिंगभेदाचा. मुलींना शिवण आणि मुलांना वायरिंग ही विभागणी शाळेत सहज रुळते. चारही क्षेत्रे सर्वांना फिरत्या क्रमाने देण्याची पाबळची पद्धत या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

तिसरा धोका बालमजुरीचा. 2016 च्या सुधारित कायद्यानुसार 14 वर्षांखालील बालकांना कामावर ठेवण्यास, घरच्या व्यवसायातील मदतीसारखे मर्यादित अपवाद वगळता, मनाई आहे आणि 14 ते 18 वयोगटातील किशोरांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या कामाचा उद्देश शिकणे हाच असावा. काम निदेशकाच्या उपस्थितीत, शाळेच्या वेळेत आणि सुरक्षासाधनांसह व्हावे. मिळालेल्या रकमेचा हिशेब शाळेच्या फलकावर लावावा.

चौथी अडचण निदेशकाच्या स्थानाची. अपुरे व अनियमित मानधन, दरवर्षीची नेमणूक आणि शिक्षकखोलीत मिळणारे दुय्यम स्थान यांमुळे चांगला कारागीर टिकत नाही. त्याच्या खर्चाची तरतूद प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून राहिली, तर प्रकल्प संपताच कार्यशाळेला कुलूप लागते. कच्च्या मालाचेही तसेच. हत्यारांसाठी एकदाच अनुदान मिळते. लोखंड, सिमेंट, तार, बियाणे यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो.

पाचवी अडचण मूल्यमापनाची. प्रात्यक्षिकात सर्वांना सारखेच भरघोस गुण देण्याची प्रथा पडली, तर विषयाची पत राहत नाही. तोंडी परीक्षेऐवजी पूर्ण केलेले काम, त्याची नोंदवही आणि बाहेरील कुशल कारागिराचा अभिप्राय या तिन्हींवर गुण द्यावेत. गुणांना पुढील प्रवेशात मोल नसेल, तर दहावीच्या वर्षी हा दिवस 'जादा तासां'ना देण्याचा मोह शाळेला आवरणार नाही.

महाविद्यालयांची भूमिका :
हा विषय शाळांचा असे म्हणून वरिष्ठ महाविद्यालयांना अलिप्त राहता येणार नाही. नव्या धोरणानुसार पदवी स्तरावरही व्यवसाय कौशल्य व कौशल्यवृद्धीचे अभ्यासक्रम आले आहेत. शाळेत हाताला काम न लागलेला विद्यार्थी एकदम पदवीच्या वर्गात दोन श्रेयांकांच्या विषयात कौशल्य मिळवील, ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

1) पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य व गृहविज्ञान विभागांनी जवळच्या एका माध्यमिक शाळेशी करार करावा. माती-पाणी परीक्षण, खर्चपत्रक तयार करणे, अन्नाची प्रत तपासणे यांत पदवीच्या विद्यार्थ्यांनी शालेय गटांना साहाय्य करावे आणि तेच त्यांचे क्षेत्रीय कार्य मानावे.

2) भाषा विभागांनी परिसरातील व्यवसायांचे शब्द व कार्यपद्धती यांची नोंद करून निदेशकांसाठी सोप्या मराठीतील हस्तपुस्तिका तयार कराव्यात. कारागिराचे ज्ञान लिहिले गेले तरच ते अभ्यासक्रमात टिकेल.

3) समाजशास्त्र, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी हा विषय घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल किमान पाच वर्षे नोंदवावी. अशा स्थानिक माहितीवाचून धोरणाची चर्चा मतमतांतरापुरतीच राहते.

4) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील कुशल व्यक्तींची सूची तयार करून ती शाळांना द्यावी.

निष्कर्ष :
माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षण यशस्वी होण्यास फार मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही, हे पाबळच्या अनुभवावरून दिसते. आठवड्यातील एक सलग दिवस, चार क्षेत्रांतील फिरते काम, गावातील निदेशक, खऱ्या गरजेची कामे आणि त्यांची काटेकोर नोंद ही या पद्धतीची पाच अंगे आहेत. यांपैकी एकही अंग गळाले तर उरतो तो कार्यानुभवाचा तास, ज्यात वर्षाच्या अखेरीस कागदी फुले करून गुण भरले जातात. कार्यक्रम सर्वांसाठी सक्तीचा असणे, निदेशकाला प्रकल्पनिरपेक्ष मानधन मिळणे आणि पुढील प्रवेशात या शिक्षणाला मोल असणे या तीन बाबी मात्र शाळेच्या हातात नाहीत. त्या शासनाने, परीक्षा मंडळाने आणि विद्यापीठांनी करावयाच्या आहेत. परंडा तालुक्यातील एखाद्या शाळेतील मुलगी शेळीच्या छातीला टेप लावून वजन सांगेल आणि ते का जुळले नाही याचे कारणही देईल, तेव्हा शालेय ज्ञान आणि जगण्याचे ज्ञान यांतील अंतर तेवढ्यापुरते मिटलेले असेल. हे अंतर प्रत्येक शाळेत मिटविण्याचे कार्य सव्वाशेहून अधिक वर्षांपासून बाकी आहे.